वाचकांचे प्रश्न: संकलनाच्या दिवशी काय घ्यावं, काय परत करावं

शहरात सुका कचरा आणि ई-कचरा गोळा करण्याचे उपक्रम, स्वच्छता मोहिमा, दुरुस्तीचे मेळावे यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आम्ही काही वसाहती मिळून एका सुट्टीच्या दिवशी सुका कचरा गोळा करणार आहोत. साधारण २०० घरं येतील, वेळ तीन तासांची. तयारी कुठून सुरू करावी?

माल कोण उचलणार, तिथून. मंडप, फलक, स्वयंसेवकांच्या टोप्या हे सगळं नंतर. उचलणाऱ्याला आधी पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: कोणता माल घेणार, कोणत्या रूपात घेणार (चपटा केलेला, झाकणासह, रंगानुसार वेगळा), कमीत कमी किती हवा, गाडी किती वाजता येणार, आणि नको असलेला माल निघाला तर तो कोणाचा. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. मग संध्याकाळी गाडी निघून जाते आणि मैदानावर थर्माकोलचा ढीग तेवढा उरतो.

आता माणसांचा हिशेब. पिशवी उघडून बघणं, नको ते बाजूला काढणं आणि दोन शब्द बोलणं याला एका घरामागे २ मिनिटं धरा. २०० घरांची झाली ४०० मिनिटं. तुमच्याकडे १८० मिनिटं आहेत, म्हणजे कागदावर तीन टेबलं सहज पुरतात. पण लोक ठरावीक अंतराने येत नाहीत. निम्मी घरं पहिल्याच तासात आली तर १०० घरांची २०० मिनिटं त्या ६० मिनिटांत उरकायची, त्याला चार टेबलं लागतात. चौथं टेबल नसलं की रांग वाढते, आणि रांग वाढली की स्वयंसेवक पिशवी न उघडताच ‘ठेवा तिकडे’ म्हणायला लागतो. त्यानंतर गोळा होतो तो नुसता मिश्र कचरा, फक्त जागा बदललेला.

म्हणून सगळ्यात अनुभवी माणसं ढिगांपाशी उभी न करता तपासणीच्या टेबलावर बसवा. टेबलाची उंची कमरेइतकी हवी, वर पांढरी चादर किंवा ताडपत्री, शेजारी ‘परत’ लिहिलेलं एक खोकं. आत यायची वाट एक, बाहेर जायची दुसरी. ढीग टेबलांच्या मागे ठेवा. लोकांना थेट ढिगापर्यंत जाऊ दिलंत तर टेबल असून नसल्यासारखं.

गाडी ठरवताना वजनावर जाऊ नका. प्लास्टिकच्या अख्ख्या बाटल्या एका घनमीटरमध्ये जेमतेम २० किलो बसतात, तेवढ्याच जागेत रद्दीचे बांधलेले गठ्ठे काहीशे किलो. वजनाने अर्धी रिकामी असलेली गाडी बाटल्यांनी केव्हाच भरून जाते. बाटल्या दाबून आणि खोकी उलगडून आणा, हे आमंत्रणातच लिहा. त्या दिवशी मैदानावर खोकी उलगडत बसायला कुणाला वेळ नसतो.

प्रश्न: तेलाचा डाग पडलेलं एखादं खोकं रद्दीत गेलं तर एवढं काय बिघडतं? स्वयंसेवक तेही परत करतात, लोक चिडतात.

कागदाचा लगदा पाण्यात होतो आणि तेल पाण्यात विरघळत नाही. ते तंतूंना धरून राहतं, नव्या कागदावर डाग पडतात आणि डागाच्या जागी तंतू नीट चिकटत नाहीत. शिवाय खोक्याला चिकटलेलं अन्न गठ्ठ्यात कुजतं, ओल पसरते, बुरशी धरते. म्हणजे एक खोकं फक्त स्वतःपुरतं खराब नसतं, ते शेजारच्या दहांना घेऊन बुडतं.

बाजारही याच कारणाने कडक झालाय. २०१८ मध्ये चीनने रद्दी कागदासह बऱ्याच आयात टाकाऊ मालात भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली. १,००० किलोच्या मालात फक्त ५ किलो! तोवर आपण छान वर्गीकरण करतो असं समजणाऱ्या अनेक शहरांना आपला माल घ्यायला कुणी नाही, हे तेव्हा कळलं.

लोक चिडू नयेत यासाठी एक सोपा उपाय: डाग नसलेलं झाकण फाडून घ्या, डाग असलेला तळ परत द्या. त्यांच्या डोळ्यांदेखत फाडलंत की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

टेबलावर कागदाच्या दोन परीक्षा करता येतात. पहिली, चुरगळण्याची. वेष्टन मुठीत घट्ट चुरगळून सोडा. गोळा तसाच राहिला तर कागद, हळूहळू उलगडायला लागला तर आत प्लास्टिकचा थर आहे. दुसरी, फाडण्याची. कडेपासून सावकाश फाडा. फाटलेल्या कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसला तर तो कागद रद्दीत नको. एकदाच वापरायचे कागदी पेले बहुतेक या दुसऱ्या परीक्षेत नापास होतात. दुकानातल्या यंत्राची गुळगुळीत पावतीही रद्दीत घेऊ नका. नखाने जोरात ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर तो उष्णतेवर छापणारा, रसायनाचा लेप असलेला कागद आहे.

दूध-रसाची चौकोनी खोकी वेगळी ठेवा. त्यांत साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, बाकी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा बारीक पत्रा असतो. ते थर सुटे करणारे कारखाने वेगळे असतात. घेणारा ठरलेला नसेल तर हा माल जाहीरच करू नका.

प्रश्न: बाटलीचं झाकण काढून द्यायचं की लावून? दोन्ही सल्ले ऐकले आहेत.

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पाण्याची-शीतपेयाची बाटली पेट या प्लास्टिकची असते, तिची घनता (पाण्याची १ धरली तर) सुमारे १.३८, म्हणजे तुकडे पाण्यात बुडतात. झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकचं, त्याची घनता १ पेक्षा कमी, म्हणून ते तरंगतं. कारखान्यात बाटल्यांचा झाकणांसकट चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात, तेव्हा दोन्ही आपोआप वेगळे होतात. अशी टाकी असलेल्याला झाकण लावलेलं चालतं, उलट हवंच असतं, कारण सुटी झाकणं चाळणीतून गळून कचऱ्यात जातात.

जिथे बाटल्या नुसत्या दाबून गठ्ठे बांधतात, तिथे घट्ट झाकणाची फुगीर बाटली यंत्राखाली फुटते आणि झाकण गोळीसारखं उडतं. आपल्या बाजूने दोघांनाही चालेल असं करायचं तर बाटली रिकामी करा, दाबून चपटी करा आणि मग झाकण लावा. आत घोटभर पाणी मात्र राहू देऊ नका. हजार बाटल्यांत प्रत्येकी ३० मिलिलिटर म्हणजे ३० लिटर पाणी, आणि ते गाडीत नेमकं रद्दीवरच सांडतं.

प्रश्न: प्लास्टिकच्या वस्तूवर बाणांच्या त्रिकोणात आकडा आहे म्हणजे तिचं पुनर्चक्रण होतं ना?

नाही. हा गैरसमज पक्का बसलाय आणि त्याचा दोष लोकांना देण्यात अर्थ नाही, खूणच तशी आहे. बाणांचं मूळ चिन्ह १९७० मध्ये कागदाच्या पुनर्चक्रणासाठी गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने काढलं होतं. प्लास्टिकवरचे १ ते ७ आकडे १९८८ मध्ये आले. ते फक्त प्लास्टिकची जात सांगतात, पुढे त्याचं काय होणार याची हमी देत नाहीत. १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ उरलेलं सगळं.

संकलनात १, २ आणि ५ ला बहुधा गिऱ्हाईक मिळतं. ३ ला फार जपा. पेट आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे टाकीत वेगळे होत नाहीत. पेट वितळवायला २५० अंश सेल्सियसच्या वर तापवावं लागतं आणि तेवढ्या तापमानात पीव्हीसी विघटन पावून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. त्याने पेट पिवळं पडतं, आत काळे ठिपके येतात, यंत्रही गंजतं.

काळ्या रंगाचे डबेही अडतात. छाननीची बरीच यंत्रं अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी प्लास्टिक ओळखतात आणि काळ्या रंगातली काजळी ते किरण शोषून घेते. यंत्राच्या लेखी तो डबा तिथे नसतोच.

चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं टेबलावर परतच करा. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं बहुतेक ठिकाणी कुणाला परवडत नाही.

प्रश्न: आम्ही ई-कचराही घेणार आहोत. बॅटऱ्यांसाठी एक मोठं खोकं ठेवलं तर चालेल का?

चालणार नाही. ई-कचरा उपक्रमात सगळ्यात मोठा धोका याच खोक्यात असतो. ई-कचरा गोळा करण्याची गरज आहेच. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. पण बॅटऱ्या त्यातही वेगळ्या हाताळाव्या लागतात.

फोन, पॉवर बँक, लॅपटॉप, खेळणी यांतली लिथियम-आयन बॅटरी ‘संपली’ तरी तिच्यात वीज शिल्लक असते. दोन टोकं धातूने जोडली गेली किंवा ती दाबली, भोसकली गेली की शॉर्ट होऊन ती तापते. ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि साखळी सुरू होते. कागदाच्या खोक्यात एकावर एक टाकलेल्या बॅटऱ्या, त्यांत एखादी किल्ली किंवा नाणं. आगीला आणखी काय हवं?

टेबलावर असं करा. प्रत्येक लिथियम बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलला तर हमखास, कारण त्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असतात. पट्टी लावलेली बॅटरी एका छोट्या प्लास्टिक पिशवीत एकच ठेवा. तळाला कोरडी वाळू घातलेल्या लोखंडी बादलीत थर लावा, दोन थरांमध्ये पुन्हा वाळू. बादली सावलीत, मंडपाच्या कापडापासून आणि रद्दीपासून लांब. एकच मोठी बादली भरण्यापेक्षा छोट्या तीन बऱ्या.

फोनमध्ये चिकटवलेली बॅटरी काढायच्या भानगडीत पडू नका, अख्खा फोन घ्या. फुगलेली बॅटरी आली तर स्क्रूड्रायव्हर लावू नका, दाबू नका. ती वेगळ्या बादलीत वाळूवर एकटी ठेवा, वरून वाळू घाला, आणि त्याच दिवशी उचलणाऱ्याकडे द्या, रात्रभर कार्यालयात ठेवू नका. पेटलीच तर माणसं दूर करा आणि अग्निशमन दलाला बोलवा. वाळू ज्वाळा झाकते, पण आतला सेल थंड करत नाही, तो पुन्हा भडकू शकतो. थंड करायला भरपूर पाणी लागतं.

बटणासारखे चपटे सेल घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर. नाण्याएवढा लिथियम सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजतं. ‘मुलांनी सेल आणा, बक्षीस मिळवा’ अशी स्पर्धा म्हणूनच चुकूनही ठेवू नका.

फोन आणि संगणक देणाऱ्यांना आधीच सांगा: खात्यातून बाहेर पडा, सगळा मजकूर पुसून फोन मूळ स्थितीला आणा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. टेबलावर आल्यावर हे करायला निघालात तर एका फोनला २० मिनिटं जातात आणि रांग रस्त्यापर्यंत पोचते.

जुने, पाठ फुगलेले टीव्ही घ्यायचे तर चढ-उतार करायला दोन माणसं ठेवा. काचेत शिसं असतं आणि नळीत निर्वात पोकळी. फुटली तर काच आत ओढली जाऊन जोरात उसळते.

प्रश्न: पारा असलेले जुने दिवे (ट्यूबलाइट, सीएफएल) टेबलावरच फुटले तर?

आसपासच्या लोकांना बाजूला करा आणि १०-१५ मिनिटं तिथे कुणी जाऊ नका. बंद खोली असेल तर खिडक्या उघडून बाहेर या. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य, त्यांनी पारा हवेत उडतो. हातमोजे घालून मोठे तुकडे जाड कागदाने उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कपड्याने पुसा, आणि हे सगळं कपड्यासकट झाकणाच्या बरणीत बंद करा. एका दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, तेव्हा घाबरून पळापळ नको. एलईडी दिव्यात पारा नसतो.

प्रश्न: आम्ही नाल्याकाठी स्वच्छता मोहीम केली. १५ दिवसांत पुन्हा तेच. मग उपयोग काय?

कचरा उचललात, मोजला नाहीत. म्हणून पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं नाही.

१९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहिमेत पहिल्यापासून नोंदपत्रक होतं, कोणती वस्तू किती सापडली याचं. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी एका दिवसात सुमारे ५०,००० लोक देशभर बाहेर पडले, तेव्हाही बेकायदा ढिगांचे नकाशे आधी तयार झाले होते.

तुमच्यासाठी पद्धत अशी. चार-पाच जणांचा गट, त्यातला एक फक्त लिहिणारा. त्याच्या हाती कचरा उचलायचा चिमटा देऊच नका. काठाचे ५० मीटरचे पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात वस्तूंची जात आणि संख्या लिहा: पेले, पिशव्या, सिगारेटची थोटकं, बाटल्या, बांधकामाचा राडारोडा, घरगुती कचऱ्याच्या बांधलेल्या पिशव्या. दोन आठवड्यांनी त्याच पट्ट्यांवर पुन्हा मोजा.

मग कारण दिसायला लागतं. एका पट्ट्यात पेलेच पेले असतील तर जवळपास विक्रेता आहे आणि कचरापेटी नाही. गाठ मारलेल्या घरगुती पिशव्या असतील तर कुठल्या तरी घरांपर्यंत गाडी पोचत नाही किंवा ती लोक कामावर गेल्यावर येते. राडारोडा असेल तर तो कुणीतरी वाहनाने, बहुधा रात्री, आणून टाकतो. तिथे चिमटे घेतलेल्या १०० स्वयंसेवकांपेक्षा वाहन अडवणारे दोन खांब जास्त कामाचे. तीनही ठिकाणी उपाय वेगळा, आणि प्रबोधनाचा फलक यांपैकी एकाही ठिकाणी पहिला उपाय नाही.

इंजेक्शनची सुई सापडली तर टोपण लावायचा प्रयत्न करू नका. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाका. बरणी जमिनीवर ठेवा, हातात धरू नका.

प्रश्न: दुरुस्तीचा मेळावा घ्यायचा आहे. कुठल्या वस्तू घ्याव्यात?

ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. त्यातला महत्त्वाचा नियम बऱ्याच ठिकाणी विसरला जातो: मालकाने वस्तू ठेवून जायचं नाही, शेजारी बसायचं. नाहीतर मेळाव्याचं फुकट दुकान होतं.

एका वस्तूला ३० ते ४५ मिनिटं धरा. तीन तासांत एका कारागिराच्या चार-पाच वस्तू होतात; पाच कारागीर म्हणजे २५ च्या आत. तेवढ्याच नोंदी घ्या आणि शेवटच्या तासात नवी वस्तू स्वीकारू नका.

विजेच्या वस्तूंत मोठी यंत्रं नकोत. मायक्रोवेव्ह ओव्हन तर नकोच. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युत दाब टिकून असू शकतो. बाकी वस्तूंत पहिला संशय वायरवर घ्या. प्लगपाशी आणि वस्तूच्या तोंडापाशी, जिथे ती रोज वाकते, तिथे आतून तुटलेली असते. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं उपकरण) बझरवर लावून वायर हलवत बघा. आवाज तुटक आला तर दोष सापडला. मोटर अडखळत चालून ठिणग्या टाकत असेल तर तिचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) घासलेले असतात. जोडून झाल्यावर अर्थिंग तपासल्याशिवाय वस्तू मालकाच्या हाती देऊ नका.

कपड्यांच्या टेबलावर सगळ्यात जास्त येते ती चेन. रनर सरकतो पण मागे दात उघडेच राहतात. चेन बदलायची गरज नसते, रनर सैल झालेला असतो. बारीक पक्कडने त्याची मागची कड आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने किंचित दाबा आणि ओढून बघा. एकदम जोरात दाबलंत तर तो तुटतो.

प्रश्न: घरगुती खताचं प्रात्यक्षिक दाखवलं, नंतर निम्म्या लोकांच्या बादल्यांना वास आला.

प्रात्यक्षिकात ओला कचरा सगळे दाखवतात, सुका पाला कुणी पुरेसा आणत नाही. मापाने एक भाग ओल्याला दोन ते तीन भाग कोरडा पाला, पुठ्ठ्याचे तुकडे किंवा लाकडाचा भुसा लागतो. २० लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडा, खाली ताटली ठेवा.

ओल तपासायला मूठभर माल घट्ट पिळायचा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाला घालून उलथापालथ करा. पिळल्यावर भुगाच झाला तर पाणी शिंपडा. वास नाकात झोंबणारा असेल तर ओला माल जास्त झालाय. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाही. बादलीचा माल हाताला फारसा गरम लागला नाही तरी काळजी नको. ५५ अंशांच्या वर जायला साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग लागतो. पांढरट अळ्या दिसल्या म्हणून बादली फेकू नका, त्या कुजवण्याचंच काम करतात. वर दोन इंच सुका पाला पसरला की कमी होतात.

प्रश्न: ‘इतके टन गोळा केलं’ असं जाहीर करायचं असतं. आकडा कसा काढावा?

रिकाम्या गोणीचं किंवा पिंपाचं वजन आधी करून प्रत्येक खेपेत वजा करा. पावसात भिजलेला माल वेगळा मोजा. भिजलेल्या पुठ्ठ्याचं वजन म्हणजे बरंचसं पाणीच. परत केलेला माल आणि उचलणाऱ्याने नाकारलेला माल यांच्या दोन वेगळ्या ओळी ठेवा. जाहीर करायचा आकडा मैदानावरच्या काट्याचा न घेता घेणाऱ्याच्या पावतीवरचा घ्या, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. फरक १० टक्क्यांहून जास्त निघाला तर टेबलावर कोणत्या वेळेत कोण बसलं होतं ते बघा. बहुधा तो रांगेचा पहिला तास असतो.